भर दुपारी फटाके?? व्हॅलेन्सियाचं हे काय प्रकरण आहे

प्रश्न (उनाड_पाखरू): मार्चमध्ये स्पेनला जायचंय, व्हॅलेन्सियात फायास नावाचा उत्सव आहे म्हणे. पण तिथे रोज दुपारी २ वाजता फटाके उडवतात असं वाचलं, उन्हात दिसणार काय डोंबल? आणि कानाचं काय होतं?

खादाड_भटका: दिसायला काही नसतंच, ते ऐकायचं असतं. त्याला मास्क्लेता म्हणतात, १ ते १९ मार्च रोज, नगरपालिकेच्या चौकात. दोऱ्यांवर ओळीने बार टांगलेले असतात, आधी संथ, मग लय वाढत वाढत शेवटी जो एकच कल्लोळ होतो त्याला भूकंपच म्हणतात ते, आवाज कानात नाही छातीत वाजतो राव. सगळं मिळून पाचसात मिनिटं, मग धूर आणि टाळ्या. तोंड थोडं उघडं ठेवा असं तिथले लोक सांगतात, आणि तासभर आधी पोचा.

मिरची: हॉटेल चौकाजवळ अजिबात घेऊ नका!! सकाळी ८ ला देस्पेर्ता असतं, म्हणजे बँड आणि जमिनीवर आपटायचे फटाके घेऊन गल्लीला उठवतात, आम्ही हौसेने मध्यवस्तीत राहिलो आणि पहिल्याच दिवशी मी पलंगावरून जवळजवळ पडले.

खादाड_भटका: 😂 १९ च्या रात्रीपर्यंत थांबा मात्र, उत्सवासाठी रस्त्यांवर उभारलेले भलेमोठे पुतळे तेव्हाच जाळतात. लोकांच्या मतांनी वाचवलेले एकदोन सोडून.

उनाड_पाखरू: बरं, तिकिटं १७ ची काढतो. बायकोला देस्पेर्ताबद्दल सांगत नाही अजून.