मॅक्स निर्दोष, वैमानिक कच्चे?

वातकुक्कुट: खिडकीचीसीट यांनी काल ठोकून दिलं, "बोइंगच्या ७३७ मॅक्समध्ये खोट नव्हती. लायन एअरचं विमान पडलं काय, इथिओपियनचं काय, वैमानिक कच्चे. ट्रिमची, म्हणजे नाक वर-खाली राखणाऱ्या यंत्रणेची, वीज तोडणारे दोन कटआउट स्विच पाडले असते तर प्रश्नच मिटला असता." अहो, इथिओपियनच्या वैमानिकांनी ते पाडलेच होते!

सेन्सर दोन, पण एमकॅस, म्हणजे विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी संगणक प्रणाली, एका उड्डाणात ऐकणार एकाचंच. १० मार्च २०१९ ला, इथिओपियनच्या अपघातात, डावा अँगल ऑफ अटॅक (पंखाचा समोरच्या हवेशी होणारा कोन) सेन्सर ७४.५ अंश दाखवत होता, उजवा १५ च्या आसपास. एमकॅसच्या दर झटक्याला स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) २.५ अंशांपर्यंत फिरणार. मूळ आराखड्यात हा आकडा ०.६ होता. योकवरच्या (वैमानिकाच्या सुकाणूवरच्या) बटणाने, अंगठ्याने ट्रिम मागे आणा, पाच सेकंद शांत, की पुन्हा सुरू. जुन्या ७३७ मध्ये योक मागे खेचला की ट्रिमची मोटर थांबायची. एमकॅससाठी तीही सोय काढली.

खिडकीचीसीट: पाडलेले स्विच पुन्हा वर केले, ते बरं गाळलंत. थ्रॉटल (इंजिनांचा जोर ठरवणारे दांडे) टेकऑफच्या ९४ टक्क्यांवर तसेच. ३४० नॉट्सची मर्यादा ओलांडल्याचा कडकडाट वाजतोय, कुणी हात लावला नाही. वीज तोडल्यावर स्टॅबिलायझर ज्याने फिरवायचा ते ट्रिमचं चाक त्या वेगाला हाताने फिरेल कसं?

रनवे२७: चाकाचं निघालंच आहे तर नीट बोलू. स्टॅबिलायझर नाक खाली दाबतोय, वैमानिक योक ओढून एलिव्हेटर (स्टॅबिलायझरच्या मागच्या कडेची हलती फळी) वर धरतोय, सगळा भार जॅकस्क्रूवर, म्हणजे स्टॅबिलायझर फिरवणाऱ्या स्क्रूवर. वेग जितका जास्त तितकं चाक जड. जुना उपाय असा, की योक ढिला सोडायचा, नाक खाली जाऊ द्यायचं, भार उतरला की चाक फिरवून घ्यायचं, परत ओढायचं, परत सोडायचं. याला रोलर कोस्टर म्हणत. ७३७-२०० च्या काळातल्या पुस्तकांत होतं, पुढे गळालं. आणि त्याला उंची लागते. इथिओपियनचं विमान उडालं त्या अदिस अबाबाचा रनवेच साडेसात हजार फुटांवर!

स्विचांचंही ऐका. मॅक्सच्या आधीच्या ७३७ एनजीत एक ऑटोपायलटच्या ट्रिमचा, दुसरा मुख्य विजेच्या ट्रिमचा. मॅक्समध्ये दोन्ही एकच काम करतात. कुठलाही पाडा, अंगठ्याचा ट्रिमही गेला. चाक हलेना, तर स्विच वर करण्यावाचून काय उरतं?

शुद्धलेखन्या: विषयांतर आहे, असू दे. 'स्टॉल' म्हणजे 'इंजिन बंद पडले' असं छापणाऱ्या पेपरवाल्यांना कुणीतरी आवरा. स्टॉल पंखाचा होतो, म्हणजे पंखाची उचल जाते, इंजिनं धडधाकट असतानाही.

रनवे२७: प्रत्येक धाग्यावर हेच का हो?

खिडकीचीसीट: स्विचांचं मान्य. पण सहवैमानिकाचे एकूण तास ३६१!

वातकुक्कुट: आणि कॅप्टनचे आठ हजारांवर, ते दिसले नाहीत? लायन एअरने सिम्युलेटर प्रशिक्षणाचं विचारलं, तर बोइंगच्याच माणसांनी आपसातल्या निरोपांत त्यांना मूर्खात काढलं. सिम्युलेटर सक्तीचा झाला तर साउथवेस्ट या विमान कंपनीला विमानामागे दहा लाख डॉलर सोडायचं कबूल करून बसले होते ना!

खिडकीचीसीट: बरं बाबा, तुम्ही थोर. तेव्हा खोट होती. आता दोन्ही सेन्सर ताडून बघतात, ५.५ अंशांहून जास्त फरक आला की एमकॅस बाद. मुंबईहून आकासा २०२२ पासून हीच विमानं उडवतेय. मी आजचं बोलत होतो.

वातकुक्कुट: आजचं? ५ जानेवारी २०२४, अलास्का एअरलाइन्सचं मॅक्स ९. दाराच्या जागी बसवलेला प्लग, म्हणजे ती जागा बुजवणारं झाकण, सुमारे सोळा हजार फुटांवर उडून गेला. चार बोल्ट कारखान्यात परत बसवलेच नव्हते. यात वैमानिक कुठे कच्चे होते?

शुद्धलेखन्या: आणि पेपरात 'विमानाचे दार उघडले'. दार नव्हतं हो ते!