कार्टच्या रस्त्यावर रात्री मिट्ट काळोख, कमिटी म्हणते मोठे दिवे लावू. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या कॉलनीत घरांच्या मागच्या बाजूने गोल्फ कार्टसाठी वेगळा रस्ता आहे, दोन कार्ट समोरासमोर आल्या तर जेमतेम अंग चोरून जातील एवढा, आणि त्याच रस्त्यावरून लोक चालतात, पोरं सायकली पळवतात, कुत्री फिरवतात, सगळं तिथंच. दिवसा मजा येते. सूर्य मावळला की काही दिसत नाही, कारण दिवे फक्त फाटकापाशी आणि क्लबहाउसजवळ आहेत.

मागच्या आठवड्यात मी साडेआठच्या सुमारास घरी येत होते, तळ्याजवळ उतार आहे आणि उतारावरच वळण. वळणावर मला हवेत एक निळसर चेहरा दिसला, नुसता चेहरा, खाली काही नाही. काळजात धस्स झालं. कोणीतरी काळं जॅकेट घालून मोबाइल बघत उभं होतं, आणि कुत्रं रस्त्याच्या दुसऱ्या कडेला, म्हणजे पट्टा रस्त्यावर आडवा ताणलेला! ब्रेक दाबला तर ओल्या पानांवरून मागची चाकं सरकली आणि कार्ट तिरकी होऊन गवतात गेली. कोणाला लागलं नाही, कुत्र्याने माझ्यावर भुंकून घेतलं तेवढंच.

मी कमिटीला कळवलं तर आता दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते उंच खांबांवर पांढरेशुभ्र एलईडी लावा, दुसरी म्हणते अंधार पडल्यावर कार्टच बंद करा. पहिलीला तळ्याकडची घरं ओरडतायत की बेडरूममध्ये उजेड येईल, आणि दुसरीला माझ्यासारखे ज्यांना कामावरून यायलाच रात्र होते ते. माझ्या कार्टचे पुढचे दिवेही हल्ली मंद वाटतात, त्याचं काय करू तेही सांगा. असा रस्ता तुमच्याकडे असेल तर काय केलंत?

कंदील
उंच खांब आणि पांढरा प्रकाश म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. लांब लांब झगझगीत दिवे लावले की दिव्याखाली दिवस आणि दोन दिव्यांच्या मधे आधीपेक्षा जास्त काळोख वाटतो, कारण डोळे उजेडाला लगेच सरावतात पण अंधाराला सरावायला वेळ घेतात, पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तुम्ही तर सेकंदात दिव्याखालून बाहेर. त्यात कॉलनीत वयस्क लोक असतील तर अजून वाईट, साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो आणि दिपल्यावर सावरायलाही वेळ लागतो.
म्हणून कमी उंचीचे, वरून झाकलेले, फक्त जमिनीवर उजेड टाकणारे दिवे मागा, रंग पिवळसर, ३००० केल्विन किंवा त्याखाली (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा). डार्कस्काय नावाची संस्था १९८८ पासून हेच सांगत आलीय, गरज असेल तिथेच, गरजेपुरताच, खाली वळवलेला उजेड. सगळा रस्ता उजळायची गरज नाही हो, वळणं, रस्ता ओलांडायच्या जागा, पूल आणि उतार, एवढं धरा.

खटपट्या
दिवे मंद वाटतात म्हणजे आधी काचा पुसा. हसू नका, निम्म्या कार्टच्या काचा पिवळ्या पडलेल्या असतात. मग भिंतीसमोर कार्ट उभी करून बघा, उजेड आभाळात जातोय की रस्त्यावर.
दुसरं, वायर कुठून घेतलीय? कार्ट ३६ किंवा ४८ व्होल्टची, दिवे १२ चे, आणि बरेच लोक शॉर्टकट म्हणून एकदोन बॅटऱ्यांवरूनच १२ व्होल्ट ओढतात. मग त्या बॅटऱ्या बाकीच्यांपेक्षा जास्त उतरतात आणि पूर्ण संचाचं वाटोळं होतं. सगळ्या संचावरून व्होल्टेज रिड्यूसर, म्हणजे ३६-४८ चे १२ व्होल्ट करणारा डबा, लावून घ्या. आणि साध्या कार्टला बहुतेक ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, त्यामुळे ओल्या उतारावर तुमचं जे झालं ते होणारच. उतार सुरू व्हायच्या आधी वेग कमी करायचा, उतारावर नाही.

धागाकर्ती
@खटपट्या, आत्ता सीट उचलून बघितलं, आधीच्या मालकाने एकाच बॅटरीवरून दोन लाल वायरी काढल्यात! तीच बॅटरी सारखी पाणी मागते, मी चार्जरला शिव्या देत होते.

पायवाट
वेगाचा हिशोब करून बघा. ताशी २४ किलोमीटरला कार्ट सेकंदाला साडेसहा मीटरच्या वर जाते, म्हणजे माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच दहाएक मीटर गेले, थांबायचं अंतर वेगळं. जुन्या दिव्यात काळ्या जॅकेटवाला तेवढ्या लांबून दिसतच नाही. चालणाऱ्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या वाटा, आणि त्या घोट्याला बांधायला सांगा. नुसत्या छातीवरच्या पट्टीपेक्षा हलणारे पाय दिसले की मेंदू पटकन ओळखतो की हा माणूस आहे. कुत्र्याच्या पट्ट्यालाही तीच टेप.

नियमवाला
बंदीचा विषय निघालाय म्हणून. फ्लोरिडात सार्वजनिक रस्त्यावर गोल्फ कार्ट मुळात सूर्योदय ते सूर्यास्तच चालते. स्थानिक प्रशासनाने रात्रीची परवानगी दिली तरी कार्टला हेडलाइट, ब्रेकलाइट, इंडिकेटर आणि पुढची काच लागते. म्हणजे मधला मार्ग आहे, कमिटीला तोच सुचवा, दिवे असतील ती कार्ट रात्री चालेल, नसेल ती नाही. खाजगी रस्त्याचे नियम मात्र तुमच्या कॉलनीच्या कागदपत्रांत बघा.

सांजवात
सोलर दिव्यांच्या मोहात पडू नका, निदान झाडांखाली तरी. दिवसभर सावली, मग संध्याकाळी दोन तास मिणमिणतात आणि नेमके गरजेच्या वेळी डोळे मिटतात. माणूस आला की भक्कन पेटणारे सेन्सरवालेही नकोत, चालवणारा दचकतो. सतत मंद आणि कोणी आलं की हळूच वाढणारे घ्या.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. काल कमिटीतल्या एका काकांना रात्री कार्टमधे बसवून तळ्यापर्यंत नेलं, वळणाच्या बाहेरच्या कडेला आधीच पाच खुंट्या ठोकून त्यांना रिफ्लेक्टर टेप लावून ठेवली होती. आमच्या मंद दिव्यातसुद्धा वळण एखाद्या माळेसारखं उठून दिसलं, काका म्हणाले हे एवढंच? खांबांचं तूर्त मागे पडलंय, वळणावर आणि पुलावर बुटके दिवे आणि बाकी कडेने पांढरा पट्टा असं चाललंय. वायरिंग शनिवारी.
आता एकच अडचण, आज सकाळी गवत कापणाऱ्याने पाचातल्या तीन खुंट्या उडवल्या. वाकून परत उभ्या राहतील अशा काही मिळतात का?

खटपट्या
मिळतात, लवचिक प्लास्टिकच्या. पण गवतात नका ठोकू, रस्त्याच्या अगदी कडेला काँक्रीटमधे भोक पाडून बसवा, म्हणजे मशीन तिथे येणारच नाही.