पोर्तुगालचा समुद्र हवा असेल तर मे महिन्याची सुट्टी विसरा

खाडीकाठची
आमच्या सोसायटीतली दोन कुटुंबं मे महिन्यात पोर्तुगालला निघाली आहेत. लिस्बन थोडं पाहायचं आणि बाकी सगळी सुट्टी दक्षिणेला आल्गार्वच्या किनाऱ्यावर काढायची. कारण काय, तर मुलांना समुद्रात मनसोक्त डुंबता यावं! टूरवाल्यांपासून यूट्यूबवाल्यांपर्यंत जो तो सांगतो की मे महिना उत्तम, हवा छान, गर्दी कमी. हवेचं खरंच आहे. पाण्याबद्दल मात्र कुणी तोंड उघडत नाही.

मे महिन्यात आल्गार्वचा समुद्र सतरा-अठरा अंशांवर असतो. त्याच वेळी आपल्या कोकणात तो तीसच्या आसपास असतो. तिथल्या पाण्यात आपलं पोर पाय घालेल, किंचाळेल आणि टॉवेल मागेल. जमीन पटकन तापते, समुद्राला वेळ लागतो, त्यामुळे तिथलं पाणी सर्वांत उबदार असतं ते ऑगस्ट-सप्टेंबरात. ऑक्टोबरातही ते मेपेक्षा दोन-तीन अंशांनी बरं असतं. त्यात लिस्बनजवळचा पश्चिम किनारा आणखी वेगळा. उन्हाळाभर उत्तरेचा वारा वाहतो, वरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. तिथल्या सार्डिन माशांची चंगळ त्या गार पाण्यावरच चालते, पण आपण काही सार्डिन नाही.

तेव्हा माझं मत असं: पोहायचं असेल तर दिवाळीची सुट्टी घ्या, किंवा सरळ सप्टेंबरात शाळा बुडवा. मे महिन्यात जाऊन युरोपचा समुद्र थंड असतो म्हणत परत येऊ नका.

ठाणेकर_काका
साफ असहमत. ताई, तुमचं भौतिकशास्त्र बरोबर, पण माणसं ओळखण्यात चुकताय. आपल्यातले किती जण समुद्रात पोहतात? घोटाभर पाण्यात उभं राहायचं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची, फोटो काढायचे आणि कणीस शोधायला निघायचं. त्यासाठी सतरा अंश पुरेसे आहेत.

आम्ही दोघं मे महिन्यातच गेलो होतो. कार्वोएरोजवळ कड्यांवरून जाणारी सात दऱ्यांची पायवाट आहे, साधारण सहा किलोमीटर. खाली निळंहिरवं पाणी, वर रानफुलं, आणि बाविसेक अंशांचं ऊन. हीच वाट ऑगस्टात चालून दाखवा, सावलीचं नाव नाही. पश्चिम किनाऱ्यावर काबो सार्डाओला पांढरे करकोचे समुद्रातल्या सुळक्यांवर घरटी करतात. खाली लाटा फुटतायत आणि वर पिल्लं चोची उघडून बसलीयत. हे वसंतातच दिसतं. तुमच्या दिवाळीत रिकामी घरटी बघायची का?

आणि दिवाळी काय दरवर्षी एकाच तारखेला येते? २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तोवर तिकडची घड्याळं मागे गेलेली असतात, साडेपाचच्या आत सूर्यास्त होतो, पावसाचे दिवसही सुरू झालेले असतात. सप्टेंबरचं म्हणाल तर गणपती सोडून पोर्तुगालला जाणारा कोकणी माणूस मला दाखवा, मी त्याचा सत्कार करतो.

पोह्यांवर_शेव
दोघांचंही चुकतंय. वाळू आणि लाटाच बघायच्या तर तारकर्ली काय वाईट आहे? शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलाला ४५. त्यावर व्हिसा केंद्राचे पैसे, किमान ३०,००० युरोंचा विमा, आणि भारतातून थेट विमान नाही म्हणून कुठेतरी ताटकळणं. चौघांच्या त्या खर्चात मालवणात महिनाभर राजासारखं राहाल. पाणीही गरम, ताईंच्या हिशेबाने.

खाडीकाठची
@पोह्यांवर_शेव, तारकर्लीला आम्ही जातोच हो. पण 'मालवण असताना दुसरं काही कशाला' या न्यायाने माणसाने घराबाहेरच पडू नये. प्रश्न जावं की नाही हा नाहीच, कधी जावं हा आहे.

@काका, करकोच्यांचा मुद्दा मान्य. २०२६ च्या दिवाळीचाही. पण २०२७ ला लक्ष्मीपूजन २९ ऑक्टोबरला आहे, ती सुट्टी चालेल. आणि घोटाभर पाण्याचं सांगताय ती तुमची-माझी पिढी. आताची मुलं सोसायटीच्या तलावात रोज पोहतात, त्यांना वाळूत बसवून ठेवता येत नाही.

श्टुटगार्टकर
मी जर्मनीत राहतो. इथल्या बऱ्याच शहरांतून फारोला थेट विमानं आहेत, त्यामुळे आमच्याकडे आल्गार्व म्हणजे तुमच्याकडच्या अलिबागसारखं, उठलं की निघालं. एक मुद्दा राहिलाय. आल्गार्व एकच नाही.

लागोस ते अल्बुफेरा हा भाग फोटोतला. पिवळे कडे, कमानी, गुहा. पण तिथल्या कित्येक पुळणी चिंचोळ्या आहेत, भरतीला अर्ध्या पाण्याखाली जातात. अटलांटिकची भरती-ओहोटी भूमध्य समुद्रासारखी नावापुरती नसते, तीन मीटरच्या वर फरक पडतो. भरतीची वेळ न बघता लहान मुलांना घेऊन कड्याआडच्या पुळणीत जाणं हा निव्वळ वेडेपणा. फारोच्या पूर्वेला मात्र सगळं बदलतं. रिया फोर्मोझा नावाची मोठी खाजणी आहे आणि तिच्या बाहेर लांबलचक वाळूची बेटं. ओल्यांव किंवा ताविराहून होडीने जायचं. पाणी पश्चिमेपेक्षा थोडं उबदार, उतार सौम्य, कडे नाहीतच. ताविराजवळ मिठागरं आहेत, त्यात रोहित पक्षी. खाजणीत तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, शेती चालते. कोकणातल्या माणसाला हे बघून बरं वाटतं, पोस्टकार्डातल्या कड्यांपेक्षा जास्त.

मी काकांच्या बाजूचा नाही आणि ताईंच्याही नाही. ऑगस्ट टाळा, एवढंच म्हणतो. तेव्हा पोर्तुगीज, ब्रिटिश, जर्मन सगळे एकदम उतरतात, खोल्यांचे भाव आभाळाला भिडतात. २०२४ च्या सुरुवातीला दुष्काळामुळे आल्गार्वमध्ये शेतीचं पाणी २५ टक्के आणि शहरांचं, पर्यटनासकट, १५ टक्के कापायचं ठरलं होतं. तिकडचे लोक पर्यटकांवर आणि गोल्फच्या मैदानांवर का चिडतात, ते समजतं.

ठाणेकर_काका
ऑगस्ट टाळा म्हणजे अर्धे माझ्याच बाजूचे झालात की! 😀

मडगांवकार
लिस्बनमध्ये राहतो, मूळ मडगांवचा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, त्या वाटेने आमच्यासारखे बरेच इकडे आले. त्यामुळे दर सुट्टीत कुणीतरी पाहुणा असतोच, आणि दरेकजण 'अगदी गोव्यासारखं आहे' म्हणतो. नाही हो. घरांची कौलं आणि चर्चच्या पांढऱ्या भिंती ओळखीच्या वाटतात, समुद्र मुळीच नाही. कळंगुटला जन्म गेलेला माणूससुद्धा साग्रेशला लाटेत उतरला की ओरडतो.

खरा धोका गारठ्याचा नाही, कड्यांचा आहे. ऑगस्ट २००९ मध्ये अल्बुफेराजवळच्या मारिया लुईझा पुळणीवर कडा कोसळून पाच माणसं गेली. हा दगड ठिसूळ, चुनखडीचा. कड्याखाली सावली मिळते म्हणून चटई पसरू नये, तिथे पाट्या लावलेल्या असतात. लाल बावटा असेल तर पाण्यात जायचंच नाही, पिवळा असेल तर पोहायचं नाही. निळे-पांढरे चौकोन असलेला बावटा म्हणजे जीवरक्षक जागेवर नाही. आणि मे महिन्याचा विचार करताय म्हणून सांगतो, जीवरक्षक फक्त हंगामात असतात. मेच्या सुरुवातीला पुष्कळ पुळणींवर कुणीच नसतं. काकांच्या घोटाभर पाण्याला चालेल, पोहणाऱ्या मुलांना नाही.

बेनागिलची गुहा बघायला सगळ्यांना जायचं असतं. २०२४ पासून तिथे पोहत जायला आणि आतल्या वाळूवर उतरायला बंदी आहे. होडीतून बघायची आणि मागे फिरायचं. इन्स्टावरचे जुने फोटो बघून मुलांना वचन देऊ नका.

पोह्यांवर_शेव
बघा, म्हणजे इतका खर्च करून गुहेच्या वाळूवर उतरताही येत नाही. तारकर्ली झिंदाबाद.

आजीचा_डबा
वाद चालू द्या, मला फक्त खाण्याचं सांगा. सासू-सासरे पक्के शाकाहारी, अंडंही नाही.

मडगांवकार
@आजीचा_डबा, लिस्बनला अडचण नाही. लुमियार भागात राधाकृष्णाचं मंदिर आहे, तिथे शाकाहारी जेवण मिळतं. शहरात भारतीय हॉटेलं पुष्कळ आहेत. आल्गार्वच्या लहान गावांत कसोटी लागते. काल्दो वेर्द नावाचं हिरव्या पाल्याचं सूप दिसायला निरागस, पण वर डुकराच्या सॉसेजची चकती असते. पास्तेल द नाता हवाहवासा, पण अंड्याशिवाय तो होतच नाही. अंजीर, बदाम, संत्री मात्र भरपूर. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या आणि मुगाची डाळ बरोबर न्या, भांडण मिटलं. हॉटेलात न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा.

खाडीकाठची
जीवरक्षकांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, तो तर माझ्याच बाजूने जातो. आता मधला मार्ग सुचवते. राज्य मंडळाच्या शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात. मेच्या शेवटी निघून जूनचा पहिला आठवडा पूर्व आल्गार्वमध्ये घालवला तर? पाणी तेव्हा एकोणीस-वीसपर्यंत येतं, दिवस खूप लांब असतात, गर्दी अजून वाढलेली नसते.

ठाणेकर_काका
एकोणीस अंश म्हणजे अजून थंडच, तुमच्याच मोजमापाने! पण जून चालेल. त्यात एक फायदा सांगतो. १२ जूनच्या रात्री लिस्बनमध्ये संत अँथनीचा उत्सव असतो, आल्फामाच्या गल्लीगल्लीत सार्डिन भाजत असतात. शाळा दोन दिवस बुडाली तर बुडाली. मात्र ताविराला मुक्काम टाकून एकाच बेटावर रोज लोळायचं हे मला झेपणार नाही. गाडी घ्या, साग्रेशपर्यंत जा, सेंट व्हिन्सेंटच्या टोकावर उभे राहा. युरोपच्या भूमीचं नैर्ऋत्य टोक आहे ते. आल्गार्वच्या महामार्गावरचा टोल १ जानेवारी २०२५ पासून गेलाय, फक्त आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या.

श्टुटगार्टकर
गाडी कशाला? लागोसपासून विला रियालपर्यंत रेल्वे आहे. रमतगमत जाते, पण ताविरा, ओल्यांव, फारो सगळं तिच्यावर येतं. विला रियालहून होडीने ग्वादियाना नदी ओलांडली की पलीकडे स्पेन. उजव्या हाताने चालणाऱ्या रस्त्यावर, भाड्याच्या गाडीत, मागच्या सीटवर भांडणारी मुलं, ही सुट्टी नाही.

ठाणेकर_काका
रेल्वेने काबो सार्डाओ गाठून दाखवा, मग बोलू.

श्टुटगार्टकर
काका, तुम्ही करकोच्यांना भेटायला जा, मुलं बेटावर. संध्याकाळी ताविराला तिसऱ्या खायला या.