मदत हवी आहे : गावाला खेटून सहाशे फ्लॅट येताहेत, हरकत नक्की कुठे घ्यायची?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव नाशिकजवळच्या गिरणाऱ्याच्या अंगाला, गंगापूर धरणाच्या वरच्या बाजूला. उंबरा अडीचशेचा. गावठाणाला लागून २२ एकर सलग जमीन एका बिल्डरने चार वर्षांत थोडी थोडी करून घेतली. आता बोर्ड लागलाय : सात मजले, सहाशे फ्लॅट. सिंहस्थ जवळ आल्यापासून इकडे बांधावर मजुरांपेक्षा एजंट जास्त दिसतात.

आधीच सांगतो, विकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. त्यात माझ्या सख्ख्या चुलत्यांचे तीन एकर आहेत. टोमॅटोचे क्रेट भाड्याच्याही पैशाला महाग झालेले ज्याने पाहिलेत, त्याला मी काय शिकवणार?

भीती पाण्याची आहे. आमच्या विहिरी होळीनंतर तळ दाखवतात. धरण डोळ्यांसमोर, पण गावाच्या नळाला पाणी दिवसाआड. मग सहाशे घरांना कुठून देणार? आणि सांडपाणी ओढ्यात सोडलं तर ओढा सरळ धरणाच्या फुगवट्यात जातो. म्हणजे नाशिककरांनो, तुमच्याच नळाला.

दुसरं म्हणजे, द्राक्षांच्या गोडी छाटणीनंतर डाऊनी रोगाच्या भीतीने आमचे फवारणीचे ब्लोअर पहाटेच सुरू होतात. बाल्कनीतला माणूस ते किती दिवस ऐकून घेईल? गावात मतदार आठशे आहेत. पुढच्या ग्रामसभेत कोणाचं चालेल, हिशेब तुम्हीच करा.

तलाठ्यांनी प्रांताकडे पाठवलं, तिथून महानगर विकास प्राधिकरणाकडे. ग्रामसभेचा ठराव केला तर परवानगी थांबते का? कोणी अशातून गेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद : दादा, नुसत्या ठरावाने परवानगी आपोआप थांबत नाही. तरी करा, पुढे पुरावा म्हणून लागतो. पण ‘आमचा विरोध आहे’ एवढंच लिहू नका. विहिरींची पातळी, ओढ्याचा मार्ग, रस्त्याची रुंदी असं मोजता येईल ते लिहा.

पहिलं काम म्हणजे त्या गटांचा झोन दाखला काढा. शेती झोन असेल आणि तो बदलायचा प्रस्ताव असेल, तर प्रादेशिक योजनेत फेरबदल नगररचना अधिनियमाच्या (१९६६) कलम २० खाली होतो. त्याची जाहीर सूचना निघते, हरकती मागवतात. ती मुदत चुकली की मग नुसती रडारड. सातबारे पण बघून घ्या. एखादा गट आदिवासी खातेदाराचा असेल तर जमीन महसूल संहितेच्या ३६-अ ची परवानगी आहे का तपासा.

प्रतिसाद : वरच्यांशी सहमत. पण खरी चावी पर्यावरण मंजुरीत आहे. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे काम सुरू करण्याआधी ती लागते. सहाशे फ्लॅट म्हणजे बहुधा लागणारच. गृहप्रकल्पाला जनसुनावणी नसते, त्यामुळे गावाला कळतच नाही. पर्यावरण मंजुरीचे अर्ज असतात त्या ‘परिवेश’ पोर्टलवर प्रकल्प शोधा, अर्जात पाण्याचा स्रोत काय लिहिलाय ते वाचा आणि मंजुरी देणाऱ्या राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाला लेखी हरकत पाठवा. मंजुरी मिळालीच तर हरित लवादाच्या पुणे खंडपीठात अपील करायला ३० दिवस असतात. उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी ६०, पण त्यावर विसंबू नका.

धागाकर्ता : रात्री बसून शोधलं. अर्ज आहे! पाण्याचा स्रोत : ‘ग्रामपंचायत’. सोबत पाणी देऊ असं पत्र जोडलंय, गेल्या वर्षीचं, आमच्याच पंचायतीच्या शिक्क्याचं. सरपंचांना विचारलं तर म्हणाले, मासिक सभेत झालं होतं, तू नव्हतास. मासिक सभेला मी कशाला असेन? ग्रामसभेत हा विषय कधी आल्याचं कुणालाच आठवत नाही. आणि चुलते त्या वेळी सदस्य होते.

सोमवारी त्या सभेच्या इतिवृत्तासाठी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. ते पत्र मागे घ्यायचा ठराव ग्रामसभेत करता येतो का? आणि कुणाकडे मसुदा असेल तर कृपया इथेच टाका. चुलत्यांशी कसं बोलायचं ते मी बघतो.