मदत हवी आहे: जीपचा पट्ट्यावरचा पंखा काढून इलेक्ट्रिक पंखे लावायचेत, वायरिंग सांगा

जीपवाला_दर्यापूर
नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे.

जीपचा पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून त्या जागी दोन इलेक्ट्रिक पंखे लावतो आहे. पंखे अमरावतीहून आणलेत, भंगारातल्या एका कारचे, १२ इंची. अंगणात बॅटरीला जोडून पाहिले तर समोर पडलेलं कुटार पार भिंतीपर्यंत उडालं, म्हणजे पंखे दमदार आहेत. आता फक्त वायरिंग अडलंय. रिले लागतोच का? फ्यूज किती अँपिअरचा? डॅशबोर्डवर साधं बटण दिलं तर भागेल का?

कारण एकच, गाडी घाटात तापते. मागच्या महिन्यात घटांगचा घाट चढताना तीनदा थांबावं लागलं. येत्या ८ तारखेला भावाचं लग्न आहे, मुलगी धारणीची, वऱ्हाड याच गाडीनं न्यायचंय. आजीही यातच बसणार. ८१ वर्षांची आहे, तिला मे महिन्याच्या उन्हात रस्त्याच्या कडेला बसवायचं नाही मला.

गाडी विका असं कृपा करून कोणी लिहू नका. वडिलांची गाडी आहे.

वायरमन_अकोट
गाडी कोणत्या सालची? पेट्रोल की डिझेल? अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, किती अँपिअरचा? उभी असताना तापते, चढावर तापते की सरळ रस्त्यावर पळताना? तिन्हींची कारणं वेगळी असतात. एवढं लिहा, मग वायरिंगचं सांगतो.

डिझेल_भाऊ
पंखे-बिंखे काही लावू नका भाऊ. थर्मोस्टॅट काढून फेका. म्या माह्या गाडीचा सहा वर्सांमांगं काढला, तवापासून काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. दहा मिन्टाचं काम हाय, पैसा लागत नाही.

जुना_मेकॅनिक
थर्मोस्टॅट काढायला सांगू नका हो. ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत, म्हणून लिहितो. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडायला लागते. गाडी तापते तेव्हा तो उघडाच असतो, मग काढून घाटात काय मिळणार? अडकला असेल तर बदला. पातेल्यात पाणी उकळून त्यात टाका, उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसतं. काही इंजिनांत तर तो काढला की बायपासची वाट मोकळी राहते, पाणी रेडिएटरला न जाता तिथल्या तिथे फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

डिझेल_भाऊ
काका, माही गाडी चालू हाय ना. याच्याहून मोठा पुरावा कोन्ता पाह्यजे?

जुना_मेकॅनिक
कुठून कुठे चालते ते लिहा.

डिझेल_भाऊ
मूर्तिजापूर ते कारंजा.

जुना_मेकॅनिक
मग त्यात घाट कुठे आहे, दादा?

जीपवाला_दर्यापूर
मंडळी, मी वायरिंग विचारलं होतं. तरी सांगतो. १९९९ ची डिझेल जीप, चार सिलिंडर, टर्बो नाही, एसी नाही. अल्टरनेटरच्या पट्टीवर ४५ अँपिअर लिहिलंय. सपाटीवर काटा मधोमध असतो. चढ लागला की दहा मिनिटांत लाल रेषेला टेकतो. आता तरी सांगा कोणीतरी.

संत्राबाग_वरूड
मी केलंय हे काम, चार वर्षं झाली. नीट वाचा.

रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लागतोच. बटणातून थेट करंट नेला तर बटण वितळेल. प्रत्येक पंख्याला वेगळा रिले, ३० किंवा ४० अँपिअरचा. बॅटरीच्या प्लसवरून वायर आधी फ्यूजमध्ये, फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितकं बरं, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ वरून पंख्याला. ८६ ला चावीवरचा करंट, म्हणजे गाडी बंद केली की पंखाही बंद. ८५ वरून टेंपरेचर स्विचला आणि स्विचची दुसरी बाजू बॉडीला. १२ इंची पंखा चालताना १० अँपिअरच्या आसपास खातो, पण सुटताना त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो, म्हणून फ्यूज २० चा टाका आणि वायर ४ स्क्वेअर एमएमची घ्या. घरात बल्बला वापरतो ती बारीक वायर घालू नका, तापून प्लास्टिकचा वास येतो आणि मग रात्री बोनेटखाली धूर दिसतो.

डॅशबोर्डचं बटण एकट्यानं देऊ नका. मी तेच केलं होतं. मोर्शीहून येताना फोन आला, बोलण्याच्या नादात बटण दाबायचं राहिलं, आणि काट्याकडे लक्ष गेलं तेव्हा बोनेटमधून वाफ निघत होती. हेड गॅस्केट गेलं. त्यानंतर स्विच बसवला, ९५ ला चालू, ८७ च्या आसपास बंद. बटण हवं तर जोडीला ठेवा, स्विच फसला तर हातानं चालू करायला.

आणि पंखा रेडिएटरच्या इंजिनकडच्या बाजूला बसवा, वारा ओढणारा. पुढून ढकलणारा असेल तर त्याची वायर उलटी करून दिशा बदलू नका. पात्यांचा बाक उलट्या दिशेचा नसतो, फिरेल पण वारा अर्धाही देणार नाही.

जुना_मेकॅनिक
वायरिंग बरोबर सांगितलंत. पण यांचा प्रश्न त्यानं सुटेल असं मला वाटत नाही.

जीपवाले, पट्ट्याचा पंखा इंजिनच्या वेगानं फिरतो. घाटात तुम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरला, इंजिन जोरात, म्हणजे पंखाही जोरात. त्याचा सगळ्यात जास्त वारा नेमका तिथेच मिळतो. इलेक्ट्रिक पंख्याचा फायदा गाडी उभी असताना, गर्दीत रांगताना. इंजिन हळू असलं तरी तो आपल्याच वेगानं फिरतो. सरळ रस्त्यावर साठच्या वर गेलात की समोरचा वारा पुरतो, कोणताच पंखा लागत नाही. तुमची गाडी तापते फक्त चढावर, भरलेली असताना. चांगल्या स्थितीतला पट्ट्याचा पंखा काढून लहान कारचे दोन पंखे लावले तर वारा कमीच होईल.

आधी हे सांगा: पंख्याभोवतीचं गोल कडं, काउलिंग, जागेवर आहे का? रेडिएटरच्या जाळीत कुटार, रुई अडकली आहे का? झाकण किती वर्षांचं आहे? आणि पाणी कोणतं टाकता?

संत्राबाग_वरूड
काका, माझी गाडी शेतातून येते. मधला नाला पावसाळ्यात गुडघाभर वाहतो. पट्ट्याचा पंखा पाण्यात गेला की पाती पुढे वाकून रेडिएटरला घासतात, माझा एक रेडिएटर त्यातच फाटला. इलेक्ट्रिकचं कनेक्शन नाल्याआधी बंद करता येतं. म्हणून मी बदलला.

जुना_मेकॅनिक
तुमच्यासाठी तो बरोबरच निर्णय होता. यांना नाला नाही, घाट आहे.

वायरमन_अकोट
४५ अँपिअर पूर्ण मिळतात ते इंजिन जोरात असताना. आयडलला अल्टरनेटर निम्मंही देत नाही. दोन पंखे म्हणजे २० ते २४. दोन हेडलाइट ६० वॉटचे धरले तर १०. वायपर, हॉर्न, टेप वेगळा. रात्री घाटात लाइट लावून उभे राहिलात तर बॅटरीतून जायला लागेल, आणि बॅटरी जुनी असेल तर सकाळी धक्का मारावा लागेल. एकच पंखा लावा, किंवा आधी अल्टरनेटर मोठा टाका.

धारणीकर
आमच्याकडे वऱ्हाड येणार म्हणून आनंद झाला. पहाटे चारला निघा. परतवाड्याला साडेपाचपर्यंत, ऊन चढायच्या आत घाट पार. सेमाडोहच्या पुढे बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, हे ध्यानात ठेवून पाण्याच्या दोन कॅन भरून ठेवा. विड्याची पानं अंजनगावलाच घ्या, वाटेत आहे, इकडे तशी मिळत नाहीत.

डिझेल_भाऊ
पंखा काढाचाच असन तर पट्टाच काढून टाका पुरा. इंजिनावरचा भार कमी, अ‍ॅव्हरेज वाढते.

जुना_मेकॅनिक
नको, नको, नको. कोणी हे करू नका. त्याच पट्ट्यावर वॉटर पंप फिरतो आणि अल्टरनेटरही. पट्टा काढला तर पाणी फिरायचं थांबेल, दोन-चार किलोमीटरमध्ये इंजिनचं हेड वाकेल. फक्त पंखा पंपाच्या हबवरून सुटतो, आणि तेही सांभाळून, कारण बऱ्याच इंजिनांत तेच बोल्ट पुलीलाही धरतात. पंखा काढून जुनेच लांब बोल्ट आवळले तर ते आत टेकतात आणि पुली सैल राहते. आखूड बोल्ट घालावे लागतात.

जीपवाले, माझे चार प्रश्न राहिलेत.

जीपवाला_दर्यापूर
काका, काउलिंग नाही. दोन वर्षांपूर्वी एका मिस्त्रीनं पट्टा बदलताना काढलं, बसवलंच नाही, म्हणाला याची गरज नसते. जाळी मी दर महिन्याला धुतो. झाकण कधी बदललं नाही. पाणी अगदी चांगलं टाकतो, आमच्याकडचं विहिरीचं नाही, आरओचं टाकतो.

जुना_मेकॅनिक
दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणीच खारं. आरओचं म्हणजे नक्की कुठलं? विकतच्या जारमधलं?

जीपवाला_दर्यापूर
जार नाही, तो महाग पडतो. गावातल्या आरओ प्लँटच्या मागे पाइप आहे, त्यातून पाणी वाहतच असतं, वाया जातं. प्लँटवाला फुकट देतो. तीन वर्षांपासून तेच टाकतो. फिल्टरचंच आहे ना ते.

वायरमन_अकोट
अरे देवा.

जुना_मेकॅनिक
दादा, मनावर घेऊ नका, पुष्कळ जणांचा हा समज असतो. आरओचं मशीन पाण्याचे दोन भाग करतं. एका नळीतून गोड पाणी येतं, आणि त्यातून काढलेला सगळा क्षार दुसऱ्या नळीनं बाहेर जातो. मागच्या पाइपचं पाणी तुमच्या खाऱ्या विहिरीपेक्षाही खारट असतं. पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी आधीच असं की विहिरीवर धुतलेल्या कापडावर पांढरे डाग राहतात. त्याचा अर्क तीन वर्षं तुम्ही रेडिएटरमध्ये घातला. नळ्या आतून पांढऱ्या पडल्या असणार. बाहेरून कितीही वारा मारा, आत पाणीच फिरत नसेल तर पंखा काय करणार?

आज संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर, पूर्ण थंड झाल्यावरच, झाकण उघडा आणि टॉर्च मारून नळ्यांची तोंडं बघा. गरम असताना झाकणाला हात लावू नका. ०.९ बार दाबाच्या झाकणाखाली पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, आणि झाकण निघालं की ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. माझ्या उजव्या दंडावर त्याची खूण अजून आहे.

डिझेल_भाऊ
संडास धुवाचं अ‍ॅसिड टाका भाऊ, क्षार मोकळा होते.

संत्राबाग_वरूड
नका टाकू. पितळी रेडिएटर असेल तर झाळलेले जोड सुटतात, आणि इंजिनच्या आत ते कुठे कुठे खाईल ते कळत नाही. रेडिएटरवाल्याकडे न्या, वरची टाकी खोलून सळई मारून घ्या.

जीपवाला_दर्यापूर
तीन दिवसांनी लिहितो आहे.

टॉर्च मारली तेव्हाच हात गळाले. नळ्यांच्या तोंडांवर चुन्यासारखा थर. काल अंजनगावच्या रेडिएटरवाल्याकडे घेऊन गेलो. त्यानं गॅसवर वरच्या टाकीचं झाळकाम सोडवलं, टाकी उचलली आणि मला बोलावून दाखवलं. पातळ पट्टीची सळई एकेका नळीत घालत होता. डावीकडच्या नळ्यांत ती सरळ खाली जायची. मधल्या आणि उजवीकडच्या निम्म्याहून जास्त नळ्यांत दोन बोटंही जाईना. ठोकून ठोकून काढली तेव्हा खाली पांढऱ्या खपल्यांचा ढीग झाला. मी तीन वर्षं कॅन भरभरून पाणी टाकत होतो आणि माझ्याच हातानं गाडीचा गळा आवळत होतो. फार वाईट वाटलं.

काउलिंग सापडलं. गोठ्यात कडब्याच्या मागे होतं, वडिलांनी सुतळीनं बांधून ठेवलेलं. एक कान तुटलाय, पट्टी मारून बसवलं. पंख्याची पाती आता त्याच्या आत अर्धी येतात. इंजिन दोनदा साध्या पाण्यानं धुऊन काढलं, मग कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

आज दुपारी एक वाजता मुद्दाम सात जण बसवून घटांगपर्यंत गेलो. ऊन असं की स्टिअरिंगला रुमाल गुंडाळून धरलं होतं. काटा अर्ध्याच्या वर दोन रेघा गेला आणि तिथेच थांबला. वर पोचलो तेव्हा मुद्दाम बोनेट उघडून वरच्या होजपाइपला आणि खालच्या होजपाइपला हात लावून पाहिला. वरचा चटका देत होता, खालचा कोमट. आधी दोन्हींत हा फरक मला कधी जाणवला नव्हता.

जुना_मेकॅनिक
छान झालं. खालचा कोमट म्हणजे रेडिएटर काम करतोय. झाकण बदललंत का?

जीपवाला_दर्यापूर
तेवढंच राहिलं. दर्यापुरात ०.९ चं मिळालं नाही, दुकानदार १.१ चं देतो म्हणतो, चालेल का? का परतवाड्याला बघू?

जुना_मेकॅनिक
१.१ चं नको. जुना रेडिएटर, आताच झाळलेला, जास्त दाबानं जोडावर फुटेल. परतवाड्याला जीपच्या पार्टच्या दुकानात मिळेल. जुनं झाकण सोबत न्या, रबर आणि खोली जुळवून घ्या.

संत्राबाग_वरूड
त्या दोन पंख्यांचं काय करणार? एक मला द्या, माझ्याकडचा एक घरघरतोय.

जीपवाला_दर्यापूर
एक तुम्हाला देतो, लग्न झालं की वरूडच्या गाडीत ठेवतो. दुसरा लावायचाच आहे, पट्ट्याचा न काढता, जोडीला, गाडी उभी असताना चालेल असा. वायरमन भाऊ, एकाच पंख्याला ४५ चा अल्टरनेटर पुरेल ना? आणि स्विच वरच्या होजपाइपवर बसवू की रेडिएटरच्या खालच्या टाकीत?

वायरमन_अकोट
एकाला पुरेल. स्विच वरच्या होजमध्ये जोडणी घालून बसवा, आताच झाळलेल्या टाकीला पुन्हा भोक पाडू नका. ८ तारीख होऊ द्या, मग अकोटला या, अर्ध्या दिवसात बसवून देतो.