मदत हवी आहे: माटोळीच्या तक्त्यासाठी फोटो पेस्ट करताना काळे चौकोन येतात, मापंही जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात सत्तरीतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुटीआधी वर्गात लावायला माटोळीचा एक मोठा तक्ता करायला घेतला आहे आणि फोटो एकत्र आणताना अडले आहे. फोटो एडिटिंगची माहिती असलेल्यांनी कृपया मदत करा.

तक्ता कशासाठी, ते आधी सांगते. गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं टांगून बांधलेली माटोळी आमच्या मुलांनी जन्मापासून पाहिलेली असते. नारळ, केळी, चिबूड, सुपारी कोणीही ओळखतं. पण कवंडाळ, कांगले, घागऱ्या, तोरिंग यांच्याशी आले की निम्मा वर्ग गप्प होतो. आता पुष्कळ घरांत हे सगळं बाजारातून जुड्या बांधून येतं. त्यामुळे फळ दिसतं, पण ते कुठल्या वेलीला लागतं, त्याचं पान कसं असतं, हे मुलांच्या नजरेला पडत नाही. म्हणून प्रत्येक फळ पानासकट दाखवायचं आहे, आणि तेही एकमेकांच्या तुलनेत बरोबर मापात. कवंडाळ चिबडाएवढं दिसलं तर तक्त्याचा उपयोग काय?

विंडोजच्या लॅपटॉपवर गिंप २.१० हा फोटो एडिटिंगचा फुकट प्रोग्रॅम वापरते. ए२ आकाराचं, ३०० पीपीआयचं (इंचाला ३०० पिक्सेल, म्हणजे रंगठिपके) कोरं पान उघडलं आहे. फोटो तीन ठिकाणचे आहेत: काही मी मोबाईलवर काढलेले, काही पालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले, काही विकिमीडिया कॉमन्सवरचे. मागचं रान काढून टाकण्यासाठी फोटो एका संकेतस्थळावर टाकते, तिथे कटआउट (नुसतं फळ कापून काढलेलं चित्र) छान होतो. त्यावर राइट क्लिक करून 'कॉपी इमेज' म्हणते आणि गिंपमध्ये कंट्रोल + व्ही. अडचणी अशा:

१. संकेतस्थळावर फळामागे काहीच नसतं, पण गिंपमध्ये आल्यावर त्याच्याभोवती काळा चौकोन येतो. तो काळा रंग निवडून पुसायला गेलं की देठाकडची सावली आणि पानांच्या गडद कडाही जातात.

२. पेस्ट केलं की लेयरच्या (एकावर एक ठेवलेल्या चित्राच्या थरांच्या) यादीत 'फ्लोटिंग सिलेक्शन' असं काहीतरी येतं. ते असेपर्यंत दुसरं काही करू देत नाही, आणि बाहेर क्लिक केलं की फळ खालच्या पानात चिकटून बसतं, मग हलत नाही.

३. एक फोटो पानावर चिंचोक्याएवढा येतो, दुसरा अर्धं पान व्यापतो. फळाच्या खऱ्या आकाराशी त्याचा काही संबंध नाही.

फोटोशॉप विकत घेणं जमणार नाही. गिंपमध्येच मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १

ताई, तक्ता जरूर पुरा करा. मी फोंड्यात डीटीपीचं काम करतो, काळ्या चौकोनाचं दुखणं आमच्याकडे नेहमीचं.

'कॉपी इमेज' म्हटल्यावर ब्राउझर मूळ फाईल उचलत नाही. पडद्यावर दाखवण्यासाठी उलगडलेले पिक्सेल तेवढे क्लिपबोर्डवर ठेवतो. तिथून ते बऱ्याचदा साध्या बिटमॅपच्या रूपात पुढच्या प्रोग्रॅमला मिळतात आणि पारदर्शकता वाटेत गळते. जिथे 'काही नाही' होतं तिथे काळं भरलं जातं, एखाद्या प्रोग्रॅममध्ये पांढरं. म्हणजे तुमचा कटआउट चांगलाच आहे, तो नेण्याची वाट बदलायची.

त्या संकेतस्थळावरून कटआउट पीएनजी म्हणून डाउनलोड करा. जेपीजी नको, जेपीजीत पारदर्शकता राहतच नाही. मग गिंपमध्ये तक्ता उघडा ठेवून फाईल मेनूतलं 'ओपन अ‍ॅज लेयर्स' घ्या (कंट्रोल + ऑल्ट + ओ). एका वेळी अनेक फाईली निवडता येतात, प्रत्येक फळ आपल्या स्वतंत्र लेयरवर येतं आणि लेयरला फाईलचं नाव मिळतं. म्हणून फाईलींना आधीच कवंडाळ, तोरिंग अशी नावं द्या, नाहीतर पुढे यादीत शोधताना डोकं फिरेल. फोल्डरमधून फाईल ओढून पानावर सोडली तरी हेच होतं.

आता फ्लोटिंग सिलेक्शन. पेस्ट केलेला तुकडा अजून कुठल्याच लेयरचा झालेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याला एकतर खाली चिकटवायचं किंवा स्वतःचा लेयर द्यायचा. तुम्हाला दुसरं हवं आहे: तो तरंगत असतानाच लेयरच्या यादीखालचं नव्या लेयरचं बटण दाबा. ही जुन्या काळची पद्धत आहे. फोटोशॉपमध्येसुद्धा लेयर १९९४ साली ३.० आवृत्तीत आले, त्याआधी पेस्ट केलेला तुकडा असाच तरंगायचा आणि सोडला की चित्रात मुरायचा. २०२५ साली आलेल्या गिंप ३.० मध्ये पेस्ट केलेलं चित्र आपोआप नव्या लेयरवर जातं. लॅपटॉपला झेपत असेल तर ती आवृत्ती घ्या, तीही फुकटच आहे.

गिंपमध्येच खोडरबराने कडा साफ करताना पारदर्शक होण्याऐवजी पांढरं उमटलं, तर त्या लेयरला अल्फा चॅनल (पारदर्शकतेची नोंद ठेवणारा भाग) नाही असं समजा. लेयर मेनूत ट्रान्स्परन्सीखाली 'अ‍ॅड अल्फा चॅनल' आहे.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. ओपन अ‍ॅज लेयर्सने काळे चौकोन गेले. कांगल्याच्या घोसातल्या बारीक फटींतूनही मागचा कागद दिसतो आहे, इतकं स्वच्छ आलं. मापांचं मात्र अजून जमत नाही.

प्रतिसाद २

मी डिचोलीची. आमच्या वाचनालयासाठी पक्ष्यांचा तक्ता केला तेव्हा मापांशी झुंजले होते, म्हणून लिहिते.

पेस्ट करताना सेंटिमीटर येत नाहीत, फक्त पिक्सेल येतात. तुमचं ए२ पान ३०० पीपीआयला ४९६१ × ७०१६ पिक्सेलचं झालं. मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० × ३००० असतो, तो जवळपास पानाची रुंदी खातो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल. आणि कॉमन्सच्या पानावर दिसतं ते नमुन्यापुरतं छोटं चित्र. ८०० पिक्सेलचं असेल तर तुमच्या तक्त्यावर जेमतेम पावणेसात सेंटिमीटर. त्या नमुन्यावरच राइट क्लिक करून कॉपी केलं तर तोच चिमुकला तुकडा मिळणार. खाली मूळ फाईलचा दुवा असतो, तो उघडून फाईल उतरवा. पालकांना सांगा की फोटो गॅलरीतून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मग फाईल होती तशी येते.

खरं माप राखायचं तर एक आकडा लिहून ठेवा: ३०० पीपीआयला १ सेंटिमीटर म्हणजे ११८ पिक्सेल. फळ हातात असेल तेव्हा मोजपट्टीने मोजा. ६ सेंटिमीटरचं फळ तक्त्यावर जीवनमापात हवं तर ते सुमारे ७०८ पिक्सेल उंच करायचं. मात्र कटआउटभोवती रिकामी जागा उरलेली असते, ती धरून मोजलं की सगळं चुकतं. आधी लेयर मेनूतलं 'क्रॉप टू कंटेंट' करा, मग 'स्केल लेयर'मध्ये आकडा घाला. पानासकट फोटो असेल तर फळ आणि पान मिळून किती लांबी भरते ते मोजा.

लहान-मोठं करणं एकदाच करा. छोटं करून पुन्हा ओढून मोठं केलं की बारकावे परत येत नाहीत, फळ धुरकट दिसतं. नारळाची पेंड (घोस) आणि केळ्यांचा घड जीवनमापात मावणारच नाहीत. ते निम्म्या मापात घेऊन शेजारी तसं लिहा, मुलांना ते नीट समजतं.

काम एक्ससीएफमध्ये (गिंपच्या स्वतःच्या फाईल प्रकारात) सेव्ह करत जा म्हणजे लेयर शाबूत राहतील. कॉमन्सवरच्या ज्या फोटोंना श्रेय देण्याची अट आहे, त्यांच्या छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना तक्त्याच्या तळाशी छापा. शाळेचं काम म्हणून ते गाळू नये असं मला वाटतं.

धागाकर्ती

ताई, ११८ चा आकडा भिंतीवरच लिहिला! फळं आता एकमेकांशेजारी खरी वाटतात. नावं श्रेयासकट टाकणार.

एक शेवटची शंका. पिकलेलं कवंडाळ लालभडक असतं आणि मुलं ते त्या रंगावरूनच ओळखतील. स्क्रीनवर रंग बरोबर आहे, पण शाळेच्या एका जुन्या पोस्टरवर जास्वंद विटकरी छापून आली होती. हे आधी कळण्याचा काही उपाय?

प्रतिसाद १

स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, छापखाना शाईने. काही झगझगीत लाल आणि हिरवे शाईच्या आवाक्याबाहेर असतात, ते मंद होणारच. छापणाऱ्याकडे त्याच्या मशीनचं प्रोफाइल (ते मशीन रंग कसे छापतं ते सांगणारी फाईल) मागा. मिळालं तर गिंपच्या व्ह्यू मेनूत कलर मॅनेजमेंटखाली 'प्रूफ कलर्स' चालू करून साधारण अंदाज येतो. पण खरा भरवसा नमुन्याचा. कवंडाळ, त्याचं पान आणि चिबूड एवढंच घेऊन एक पट्टी त्याच कागदावर, त्याच मशीनवर छापून घ्या आणि दिवसाच्या उजेडात खऱ्या फळाशेजारी धरा. विटकरी वाटलं तर त्या एका लेयरचाच रंग सुधारा, पूर्ण तक्त्याला हात लावू नका. लेयर वेगळे ठेवल्याचा इथे फायदा होतो.

धागाकर्ती

उद्या वाळपईला जाते तेव्हा पट्टी छापून घेते. आता फक्त तोरिंग राहिलं आहे, पानासकट स्पष्ट फोटो माझ्याकडे नाही. कोणाच्या परसात झाड असेल तर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि मूळ फाईलचा दुवा इथेच द्या. कोणाचं नाव श्रेयात लिहायचं तेही कळवा.