नोटीस नंतर, आधी कागद

जुन्या कंपनीने नव्या कंपनीला आपल्याबद्दल खोटं कळवलं तर काय करायचं, या प्रश्नावर 'थेट वकिलाची नोटीस पाठवा' असं वर दोघांनी सुचवलंय, ते मला तितकंसं पटत नाही. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, खरं आहे. पण कोर्टात तारखा पडत राहतात अन् नागपूरच्या मिहानमधली नवी नोकरी तोवर थांबत नाही.

माझ्याबद्दल हिंगणा एमआयडीसीतल्या जुन्या कंपनीने 'न सांगता निघून गेला' असं कळवलं होतं. (नोटीस पिरियडचे तीसही दिवस भरले होते, राजेहो!) मी नव्या एचआरला म्हटलं, नेमकं काय लिहून आलंय ते दाखवा. मग राजीनाम्याचा मेल, त्यावरचं 'ओके' एवढंच उत्तर, अन् स्टोअरच्या किल्ल्या मिळाल्याची सुपरवायझरची सही असलेला, चहाचा डाग पडलेला कागद, असं सगळं जोडलं. सोबत पीएफच्या पोर्टलवरची सर्व्हिस हिस्टरी. त्यात रुजू झाल्याची अन् सोडल्याची तारीख दिसते. कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी यूएएनने (पीएफच्या आपल्या कायमच्या नंबरने) लॉगिन करून ती आपली आपल्याला टाकता येते, हे इथे कोणी लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी जॉइनिंगचा मेल आला. जुन्या कंपनीकडून साधं सॉरीही नाही.